राजकन्येची सुईण

आमच्या बागेत, मागच्या खोलीपाशी, भरदुपारी तान्ह्या लेकराचा रडण्याचा आवाज येतो असं लोक म्हणतात. विचारायला येतात मलाच, कारण मी तिकीट खिडकीवर बसते आणि खिडकीवरच्या बाईला सगळं ठाऊक असतं असा लोकांचा गैरसमज आहे. मी झापते एकेकाला. स्वतःची लेकरं उन्हात हिंडवता, ती रडली की भुताच्या नावावर खपवता होय? तिकीट घ्या आणि सरका पुढं. पण खरं सांगू? टळटळीत उन्हात मी त्या अंगाला फिरकत नाही. एकदा गेले होते. खोली रिकामी, झाडूनपुसून ठेवलेली, आणि तरी आवाज आला. त्याच्यावर मला आणखी काही विचारू नका.

विचारायचं तर कस्तुराबाईला विचारावं. तिनं तो आवाज माझ्या कितीतरी आधी ऐकला.

कस्तुराबाई कंधारकडच्या एका खेड्यातली सुईण. आसपासच्या गावातली निम्मी जवान पोरं तिच्या हातावर जन्मली. तिच्या हाताला यश होतं, असं म्हातारी माणसं अजून सांगतात. आडवं आलेलं असो, पायाळू असो, तिच्या हातून लेकरू गेलं असं कधी झालं नाही. मग गावात आशाताई आली, फोन केला की दवाखान्याची गाडी दारात उभी राहायला लागली, आणि कस्तुराबाईचं काम सुटलं. तिला त्याचं वाईट वाटलं नाही. बरं झालं, बाया मरायच्या वाचल्या, असं म्हणायची. मालक कधीचा वारलेला. पोरगा अंगद अर्धापूरला केळीच्या गाड्या भरतो, त्याच्याकडे येऊन राहिली आणि रस्त्यावरच्या आमच्या बागेत झाडलोटीला लागली. बाग म्हणजे काय, एका ट्रस्टचं छोटं प्राणिसंग्रहालय. दोन बिबटे, हरणं, मोर, एक मगर जी मेली का जिवंत हे तिलाच माहीत.

तिथं एके वर्षी दक्षिणेतून काळी माकडं आली. अंगानं काळी कुळकुळीत, तोंडाभोवती पांढऱ्या दाढीची झालर, शेपटीला सिंहासारखा गोंडा. पाटीवर ‘सिंहपुच्छ माकड’ असं लिहिलंय. पाटी कुणी वाचत नाही, येणारा प्रत्येक जण मला विचारतो, ताई, ते दाढीवालं वानेर हाय का माकड? जंगलात ही थोडीच उरलीत, म्हणून बागांनी त्यांची पिलं वाढवायची, असं ठरलेलं. आमचे मॅनेजर किशनराव. त्याआधी ते कुठल्याशा कारखान्याचं गेस्ट हाउस सांभाळायचे. माकड आणि मेहुणा यांतला फरक विचारला असता तर त्यांची पंचाईत झाली असती. त्यांना कुणीतरी सांगितलं की ती झाडणारी म्हातारी सुईण आहे. झालं. तिला बोलावून म्हणाले, माणसांची केलीस ना, आता ह्यांची कर.

ती आधी हसली. मग पिंजऱ्यापुढं जाऊन बसली आणि तिनं माकडिणींना नावं दिली. मोठीला थोरली, तिच्याखालची धाकटी. नराला पाटील, त्याच्या दाढीवरून. थोरलीला दिवस आहेत हे गुरांच्या डॉक्टरच्या आधी तिनंच ओळखलं. आणि तिथंच तिनं तिचा नेम लावला. बाळंतीण वेगळी काढायची.

आमच्याकडं हा नेम फार जुना आहे. ओली बाळंतीण दहा बायांच्या नजरेत ठेवायची नाही. तिला उजेड नको, वारा नको, दाराला पोत्याचा पडदा, आत शेगडी, ओव्याची धुरी. सव्वा महिना आत जायचं ते सुईणीनं आणि आईनं. कस्तुराबाईनं मागची खोली तशीच केली. डॉक्टरही हो म्हणाला, कारण पाटील तापट, पिलाला काही करून बसला तर? तिनं थोरलीसाठी डिंकाचा लाडूसुद्धा वळून आणला होता. थोरलीनं तो किशनरावांच्या शर्टावर फेकून मारला. आम्ही आठवडाभर हसत होतो.

पण पिल्लू जगलं. मादी. गुलाबी तोंडाची, आईच्या पोटाला गोचिडीवानी चिकटलेली. कस्तुराबाईनं पाचवीला सटवीची पूजा केली, किशनरावांनी पेपरवाल्याला बोलावून फोटो काढून घेतला आणि पिलाचं नाव ठेवलं राजकन्या. तेव्हापासून ‘बाळंतीण वेगळी’ हा बागेचा कायदा झाला. पुढं धाकटीची बाळंतपणंही त्याच खोलीत झाली आणि सुखरूप झाली. मग कायद्यावर शंका घेणार कोण?

राजकन्या त्या खोलीत वाढली. थोरली तापानं गेली तेव्हा ती आईवेगळी झाली, म्हणून तिला मोठ्या पिंजऱ्यात सोडून बघितलं. बाकीच्यांनी फाडायचीच बाकी ठेवली. त्यांनी तिला कधी बघितलंच नव्हतं, त्यांच्या लेखी ती परकी. परत मागच्या खोलीत आणली. धाकटीचं बाळंतपण असलं की हिला शेजारच्या पिंजऱ्यात टाकायचं, मधे पत्रा. तिचं सगळं गणगोत म्हणजे कस्तुराबाई. जाळीतून हात घालून ती कस्तुराबाईचा अंबाडा सोडायची आणि उवा बघत बसायची. कस्तुराबाई डोळे मिटून बसायची, माहेरी आलेल्या बाईवानी. मी म्हणायचे, अगं, अंघोळ करत नाहीस का, तिला रोज उवा सापडतात ते? ती म्हणायची, सापडत न्हाईत, म्हणून तर रोज बघती.

राजकन्या मोठी झाली, दुसऱ्या बागेतून आणलेल्या नरासंगं ठेवली, दिवस गेले. वेळ आली तेव्हा पडदे लागले, धुरी झाली. बाळंत झाली ती एकटी, अंधारात. कस्तुराबाईनं पडदा बाजूला केला तर पिल्लू फरशीवर पडलेलं, ओलं, हातपाय हलवत, आणि राजकन्या कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून त्याच्याकडं बघतेय. भिऊन. कुणी चेंडू फेकावा आणि तो ओरडायला लागावा, तसं तिचं झालं होतं. ते रडलं की ती आणखी मागं सरकायची. ते पिल्लू दुसरा दिवस बघू शकलं नाही.

लोकांनी काय काय म्हटलं! करणी आहे, पांढऱ्या पायाची आहे. तिकीट काढताना एक मास्तर मला शहाणपणा शिकवायला लागला की माकडीण अशीच असते, पाणी नाकाशी आलं की लेकरू पायाखाली घेते. मी त्याला सुटे पैसे दिलेच नाहीत.

दुसऱ्या खेपेला कस्तुराबाई पडद्याआडून नजर ठेवून होती. या वेळी राजकन्येनं पिल्लू उचललं. पण उलटं. पाय वर, डोकं खाली. तसंच घेऊन फिरायची, ठेवायची, परत एक पाय धरून ओढायची. पिल्लू तोंडानं दूध शोधत राहिलं आणि तोंडापुढं हिची शेपटी. डॉक्टर म्हणाला, थोडं थांबू, जमेल तिला. कस्तुराबाईला ते रडणं ऐकवेना. जिनं आयुष्यात एक लेकरू जाऊ दिलं नाही ती बाई कशी थांबणार? तिनं शेजारच्या पिंजऱ्यात केळं ठेवलं. राजकन्या केळं घ्यायला गेली, मधलं दार पडलं, आणि कस्तुराबाईनं पिल्लू उचलून पदरात घेतलं.

तेव्हा राजकन्या ओरडली. खिडकीपर्यंत ऐकू आलं मला. आतापर्यंत जिला ते पिल्लू म्हणजे काय हे कळत नव्हतं, तिला ते नेल्यावर कळलं. दाराच्या फटीत बोटं घालून ती कस्तुराबाईच्या पदराकडं बघत राहिली.

कापसाची वात दुधात बुडवून कस्तुराबाईनं ते पिल्लू काही आठवडे जगवलं. पदर सोडायचं नाही ते. मग त्याला न्यूमोनिया झाला आणि एका दुपारी, मागच्या खोलीच्या पायरीवर, पदरातच गेलं. कस्तुराबाई किती तरी वेळ तशीच बसून होती. जाळीपलीकडं राजकन्या, तीही बसून. त्या दिवसापासून राजकन्येनं तिच्या केसांना हात लावला नाही. कस्तुराबाई आली की ती तोंडाकडं बघायची नाही, पदराकडं बघायची. पदरात काही हललं का, एवढंच.

आणि मग कस्तुराबाईला आवाज यायला लागला. आधी दुपारी, खोलीपाशी. मग झाडताना, चूल पेटवताना, एसटीत. घरी अंगद विचारायचा, आई, ऐकत काय बसलीस? मला ती म्हणाली, ते भुकेलं गेलं तारा, म्हणून रडतं. मी तिला देवऋष्याकडं चल म्हटलं, दवाखान्यात चल म्हटलं. कुठंच आली नाही. तिचं एकच चालू होतं. राजकन्येचं एक तरी लेकरू राजकन्येच्याच कुशीत जगलेलं बघायचं. दुसरं काही तिला उरलं नव्हतं.

तिसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा वरून एक डॉक्टरीण पाठवली. पुनम मॅडम. मूळच्या लातूरच्या, नोकरी दक्षिणेतल्या मोठ्या प्राणिसंग्रहालयात, सगळं आयुष्य या माकडांत गेलेलं. त्या राजकन्येचं कूळमूळ विचारत बसल्या, सोयरीक जुळवायला आल्यासारख्या. कुठं जन्मली, कुणाजवळ वाढली, कधी कुणात राहिली. मी चहा घेऊन गेले होते, मुद्दामच रेंगाळले. मॅडमनी विचारलं, हिनं दुसरीच्या मांडीवर लेकरू कधी बघितलंय का? कस्तुराबाईनं मान हलवली. नाही.

मग मॅडमनी समजावून सांगितलं, शांतपणे, कुणावर न चिडता. ही माकडं सगळं पोटातून शिकून येत नाहीत. कळपातल्या पोरसवदा माद्या मोठ्यांची बाळंतपणं बघतात, त्यांची पिलं उचलतात, चुकतं, फटके खातात, परत उचलतात. धाकटी कळपात वाढली होती, म्हणून अंधाऱ्या खोलीतही तिला जमलं. हिनं काहीच बघितलं नाही. हिला ते ओलं, ओरडणारं काय आहे हेच माहीत नाही. मग त्यांनी सहज विचारलं की बाळंतीण वेगळी काढायची, हे कुणी ठरवलं होतं?

किशनराव पंख्याकडं बघायला लागले. फोटो काढताना बरे पुढं होते. माझ्या जिभेवर आलं होतं, पण कस्तुराबाईच बोलली.

“म्या ठरवलं.”

मॅडम म्हणाल्या, तुमचा दोष नाही मावशी, डॉक्टरनं बघायला हवं होतं. ती नुसती हो हो करत राहिली. नंतर माझ्या खिडकीमागं येऊन पोत्यावर बसली. मला वाटलं रडेल. ती विचार करत होती.

“तारा, आमच्या गावात बाळंतिणीच्या खोलीत पोरी येत न्हवत्या. पर बाहेर प्रत्येक पोरीच्या काखंत कुणाचं ना कुणाचं लेकरू असायचंच की गं. धाकट्या भावाचं, चुलतीचं. पोरी तिथं शिकत व्हत्या. म्या नुसती खोलीच धरून बसले.”

त्याच दिवशी तिनं पोत्याचे पडदे स्वतः फाडून काढले. मी मदतीला गेले तर हात लावू दिला नाही.

धाकटीला तेव्हा दिवस भरत आले होते. मॅडमनी राजकन्येला आधी जाळीच्या पलीकडं ठेवलं, मग थोडा थोडा वेळ आत सोडलं. चावे झाले, केस उपटले, एकदा कान फाटला. कस्तुराबाई बाहेर उभी राहून पदर तोंडात कोंबायची. पण हळूहळू धाकटीनं तिला जवळ बसू दिलं. आणि धाकटी बाळंत झाली ती सगळ्यांपुढं, उजेडात, फांदीवर. किशनरावांनी डोळ्यांवर हात घेतला. राजकन्या हलली नाही. बघत राहिली.

मग तिची शाळा सुरू झाली. धाकटीच्या पिलाला बोट लावलं, फटका. उचललं, उलटं, परत फटका, पिल्लू हिसकावून सुलटं. धाकटी खरी सासू. पण पिलाला परत हात लावू द्यायची, एवढी तिची मेहरबानी. काही दिवसांनी राजकन्या त्याला पोटाशी लावून चार उड्या मारायला लागली. त्या दिवशी कस्तुराबाईनं बागेतल्या सगळ्यांना साखर वाटली.

आणि राजकन्येची वेळ आली ती सकाळची. मी खिडकी उघडत होते, कुणीतरी पळत येऊन सांगितलं. मी गेले तोवर पिल्लू झालं होतं. राजकन्येनं ते फांदीवर ठेवलं, वास घेतला. उचललं. उलटं! पिल्लू किंचाळलं, आणि तिनं ते फिरवलं, स्वतःच. डोकं वर, तोंड छातीला. मी तिथंच रडले, लाज कसली.

नेमकी त्याच वेळी कस्तुराबाई आली. तिला कुणी सांगितलंच नव्हतं. रोजच्यासारखी बादली आणि खराटा घेऊन ती पिंजऱ्याच्या कोपऱ्यावरून वळली आणि राजकन्येला पदर दिसला.

तो ओरडा मी विसरणार नाही. पिलाचा एक हात धरून ती वर पळाली, पार छताला. पिल्लू खाली लोंबकळत होतं, सुटलं असतं तर फरशीवरच आलं असतं. कस्तुराबाई जागीच थिजली. तिला सगळं एका नजरेत कळलं, मला सांगावं लागलं नाही. तिनं बादली खाली ठेवली, आवाज न करता. खराटा ठेवला. आणि पाठ न फिरवता, एक एक पाऊल मागं घेत, दोन्ही हात पाठीमागं लपवून, ती फाटकापर्यंत गेली. जिच्या हाताला यश होतं ती बाई हात लपवून चालली होती. वर राजकन्येनं पिल्लू छातीशी ओढलं.

कस्तुराबाई परत कामावर आली नाही. मॅडमनीही फोनवर तेच सांगितलं, मावशींना काही महिने लांब ठेवा, तिच्यापुढं आल्या तर ती पिल्लू धड धरणार नाही. अंगदनं तिला गावाकडं नेऊन सोडलं. पण अर्धापूरच्या बाजाराच्या दिवशी ती पोराला भेटायच्या निमित्तानं यायची आणि माझ्या खिडकीपुढं उभी राहायची. तिकिटाच्या रांगेत, आपला नंबर येईपर्यंत. नंबर आला की एकच विचारायची, पाजती का? मी म्हणायचे, पाजती. ती मान हलवून फाटकातूनच माघारी जायची. आत पाय ठेवला नाही. तुला अजून ऐकू येतं का, असं मी एकदा विचारलं. ती म्हणाली, येतं की, त्याला कुठं जागा हाय दुसरी.

शेवटी माझंच डोकं फिरलं. कुणाचं लेकरू, कुणाचं काय, आणि ही बाई रांगेत उभी! म्हटलं, किती दिवस माझ्या तोंडातनं माकडीण बघशील? पिल्लू आता चांगलं उड्या मारायला लागलं होतं. मी माझा स्कुटीवरचा स्कार्फ काढला, कॉलेजच्या पोरींसारखा तिच्या तोंडाला गुंडाळला, खांद्यावरून माझी शाल टाकली, पदर आत खोचला. शाळेची सहल आली होती, तिच्या घोळक्यात तिला मधोमध घुसवली. आईशप्पथ, तिची सून असती तरी तिनं ओळखली नसती.

राजकन्या फांदीवर बसली होती. पिल्लू जरा लांब, धाकटीच्या पोरासंगं शेपटी ओढायचा खेळ चालला होता त्यांचा. पोरं तोंडं वेंगाडत होती, टाळ्या वाजवत होती. राजकन्येला कशाचं काही नव्हतं. कस्तुराबाई बघत होती आणि बघता बघता तिनं कठड्यावर हात टेकले.

राजकन्येची मान वळली. तिनं ते हात बघितले. एका झेपेत पिलापाशी गेली, त्याला उचलून पोटाशी घेतलं, एकदम सुलटं, डोकं वर, एक हात त्याच्या पाठीवर दाबून. आणि आमच्याकडं पाठ करून बसली. खांद्यावरून वळून दात दाखवले. पिल्लू कुठंच दिसेना, इतकं झाकलं होतं तिनं. पोरं हसली.

मला असला संताप आला. म्हटलं, हीच का ती, जिचं लेकरू तू पदरात घेऊन दूध पाजत बसलीस, आणि ही तुलाच दात दाखवते? कस्तुराबाईनं माझं मनगट धरलं.

“तिला काही बोलू नको. माझ्यापासून लेकरू लपवाया लागली, म्हंजे आई झाली ती.”

तिनं कठड्यावरून हात काढले. फाटकापाशी येऊन स्कार्फ सोडला, शाल घडी घालून माझ्या हातात दिली. चहा घे म्हटलं तर नको म्हणाली. कंधारच्या गाडीला वेळ होता, तरी गेली.

पुढच्या बाजाराला मी रांगेत तिचं तोंड शोधत बसले. त्याच्या पुढच्यालाही. ती आली नाही, अजून नाही. राजकन्या पाजती, हे मी आता कुणाला सांगू?